हिवाळ्यात तो दिवा लागतोच

आमच्या विजयचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं असं की नागोयातल्या मराठी मंडळींत मला नावाने ओळखणारे फार थोडे. उज्ज्वला सबनीस म्हटलं की लोक विचारात पडतात. 'टायरवाल्या काकू' म्हटलं की चेहरा उजळतो, "अहो, त्यांच्याकडे तर आमची चाकं आहेत!" आणि ते खरंच होतं. उन्हाळ्यात लोकांची हिवाळी चाकं आणि हिवाळ्यात उन्हाळी चाकं आमच्या दुकानामागच्या शेडमध्ये छतापर्यंत रचलेली असायची. दुसऱ्यांच्या चाकांची इतकी काळजी मी माझ्या गुडघ्यांची केली असती तर आज जिना चढताना तोंडातून आवाज निघाला नसता.

इथला मराठी अंक काढणाऱ्या मंडळींनी सांगितलं, कामाबद्दल लिहा, पण आयुष्याची सगळी हकिगत नको. मला तरी कुठे सांगायचीय? पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, विजयच्या पोस्टिंगबरोबर इथे जपानात आले, घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात अरुबाइतो मागितला, म्हणजे तासांवरचं काम. पोस्टिंग संपलं, विजयने इथलीच दुसरी नोकरी धरली, आणि माझा अरुबाइतो मी निवृत्त होईपर्यंत चालला. झाली हकिगत.

आता त्या दिव्याबद्दल. मोटारीच्या डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह उमटतं. तळाशी सपाट, दोन्ही बाजूंनी वर वळलेलं, तोंड उघडं आणि मधोमध उद्गारचिन्ह. उभ्या कापलेल्या टायरचं चित्र आहे ते, पण तसं ते कुणालाही दिसत नाही. फोनवर लोक काय काय सांगायचे! एक बाई म्हणाल्या, "काकू, आमटीच्या वाटीत उद्गारचिन्ह पडलंय." एकाला ती कढई वाटली. एकाने तर गाडीला पोटाचा काहीतरी विकार झालाय, असं निदानच करून टाकलं. मी म्हणायचे, टायरमध्ये हवा कमी आहे असं गाडी सांगतेय, आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं: "पण काकू, टायर तर आत्ताच बदलले!"

तिथेच तर सगळी गोम आहे. नागोयात बर्फ फारसा पडत नाही, पण तास-दोन तासांवरच्या डोंगरात गेलात की हिवाळाभर सगळं पांढरं. त्यामुळे डोंगरात जाणाऱ्यांकडे चाकांचे दोन संच असतात. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, थंडीत दगड होत नाही, बर्फाला धरून चालतं. आता चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हला चिकटून, काडेपेटीपेक्षा लहान असा एक सेन्सर असतो. सगळ्याच गाड्यांत नसतो, पण असतो त्यांत तो आतला दाब मोजून रेडिओवरून गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा नंबर वेगळा, आणि गाडी फक्त ओळखीच्या चार नंबरांचं ऐकते. दुसरा कुणी कितीही ओरडला तरी ती ढिम्म.

हिवाळी चाकं घेताना पुष्कळ लोक सेन्सर घेत नाहीत. कशाला उगाच खर्च, थोडे महिने तर वापरायची! मग चाकं बदलली की गाडीला वाटतं, आपले चौघेही गप्प झाले, आणि ती बिचारी दिवा लावून बसते. वसंतात जुनी चाकं परत बसेपर्यंत तो जळत राहतो. आमच्या दुकानात याची एक रीतच होती. चाकं बसवून झाली की गिऱ्हाइकासमोर कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, हा दिवा आता हिवाळाभर लागलेला राहील, कृपया समजून घ्यावं. गिऱ्हाईकही वाकायचं आणि समजून घ्यायचं. एवढ्या अदबीने कानाडोळा करणारी माणसं मी जगात दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

एक वृद्ध गृहस्थ दर डिसेंबरला घरून काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापून आणायचे. चाकं बसली की चष्मा चढवून तो तुकडा बरोबर दिव्यावर लावायचे, आणि मार्चमध्ये हलक्या हाताने काढून कागदात गुंडाळून घरी न्यायचे. दुसरा आपला पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या मते हा सॉफ्टवेअरचा दोष होता आणि गाडी एकदा पूर्ण बंद करून चालू केली की जाणार होता. त्याने यूट्यूब बघून बॅटरीची वायरच काढली. आला तेव्हा गाडीचं घड्याळ पार भलतीकडे, नकाशा घरचा पत्ता विसरलेला आणि आमटीची वाटी जिथल्या तिथे. मी त्याला चहा दिला.

हे झाले हसण्यावारी नेण्यासारखे. ज्या एका गाडीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे आता वळते.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांची एक पद्धत आहे. पोस्टिंग संपलं की घरातलं सगळं पुढच्या मराठी कुटुंबाला द्यायचं. गाद्या, हीटर, राइस कुकर, मुलांची सायकल आणि गाडी. त्याबरोबर तोंडी ज्ञानही द्यायचं: कुकरचं झाकण डावीकडून दाबा, गॅसवाला शनिवारी येत नाही, खालच्या आजींना दिवाळीत लाडू द्या पण चकली नको. वस्तू बदलते, दुरुस्त होते, कधी टाकूनही देतात, पण तिच्याबद्दलचं ज्ञान मात्र पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं पुढे सरकतं.

अशीच एक करडी मोठी गाडी होती. आधी ती परांजप्यांची. तेव्हा तिच्या हिवाळी चाकांत सेन्सर नव्हते, त्यामुळे थंडीत दिवा जळायचा. परांजपे पुण्याला परत गेले तेव्हा गाडी साठ्यांकडे आली. साठे अबोल आणि काटेकोर माणूस. त्यांना तो दिवा सहन होईना. त्यांनी हिवाळी चाकांत चार सेन्सर बसवून घेतले, आणि त्यांचे नंबर गाडीला मीच ओळखीचे करून दिले. त्यानंतर हिवाळ्यात दिवा विनाकारण लागायचा प्रश्नच उरला नाही. साठे ऐन उन्हाळ्यात परत गेले. उकाड्यात गाडीची किल्ली देताना बर्फाचा विषय कोण काढतो? हा सगळा बदल त्यांच्याबरोबर विमानात बसून निघून गेला.

गाडी घेतली मुग्धा आणि निखिलने. निखिल एका कंपनीत इंजिनिअर. मुग्धा विद्यापीठात संशोधन करायची. बर्फाखाली गाडली गेलेली माती हिवाळ्यात किती श्वास सोडते, हे ती मोजत होती. मी तिला चिडवायचे, तू मातीची हवा मोज, मी टायरची मोजते. तिच्या विद्यापीठाचं एक छोटं केंद्र हिदाच्या डोंगरात, जंगलात आहे. दर आठवड्याला घाट चढून तिथे जायचं, यंत्रं बघायची, एक रात्र राहून परत यायचं. आणि मोजणी हिवाळ्याची. बर्फ असतानाच जायला हवं. एक थंडी चुकली की वर्ष बुडालं.

पोरगी गाडीला घाबरायची, हे तिने स्वतःच मला सांगितलं होतं. भारतातलं लायसन्स इथलं करून घेण्यासाठी परीक्षा द्यावी लागते, तीत ती कितीतरी वेळा नापास झाली होती. कधी आरशात बघताना मान पुरेशी वळली नाही, कधी वळणावर चाक ओळीला लागलं. शेवटी पास झाली, पण ते सारखं सारखं 'नाही' ऐकून आपल्याला गाडी येत नाही असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पहिला बर्फ पडल्यापासून घाटातून आली की संध्याकाळपर्यंत गाडीची किल्लीसुद्धा तिला नजरेसमोर नको असायची म्हणे. तिने ठरवलं होतं, हे वर्षअखेरपर्यंत जमलं नाही तर प्रोफेसरना सांगायचं की हिवाळ्याची मोजणी दुसऱ्या कुणाला द्या. ती दुसऱ्याला दिली की तिचं त्या कामात उरणार काय होतं? तिलाही ते माहीत होतं.

डिसेंबर लागला आणि एका पहाटे दिवा लागला. मुग्धाने निखिलला दाखवला. निखिलने मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. आणि पुण्याहून परांजप्यांचं उत्तर आलं. परांजपे म्हणजे आमच्या ग्रुपचे कुलगुरूच. जपान सोडून वर्षं झाली तरी कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा इथपासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळ्या शंकांना तेच उत्तर देतात, आणि मनापासून देतात. त्यांनी लिहिलं, "आपल्या गाडीचं ते आहेच. हिवाळ्यात तो दिवा लागतोच. बिनधास्त चालवा." खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. दुकानाच्या गर्दीत मी तो ग्रुप उघडलाच नव्हता. निखिल मुग्धाला म्हणाला, बघ, काही नाहीये. तुझं टेन्शन आहे ते.

त्यानंतरचा रविवार होता, आणि आमच्या धंद्यातला तो सगळ्यात वाईट रविवार. डोंगरात मोठा बर्फ पडणार असा अंदाज आला की अख्ख्या नागोयाला एकाच दिवशी हिवाळी टायर आठवतात. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आमचे मालक हत्तोरी-सान यांचा नियम कडक: गर्दीच्या दिवसांत वेळ ठरवल्याशिवाय कुणाची गाडी आत घ्यायची नाही, मग तो त्यांचा सख्खा भाऊ असो. मी पाना हातात घेऊन वाकलेली, तेवढ्यात कुंपणाशी मुग्धा दिसली. गाडी बाहेर लावून ती उभी होती, आत यावं की न यावं अशी.

मी जवळ गेले तर तिने आधी माफीच मागितली. काही नसणारच, ग्रुपवर सगळे म्हणतात काही नाहीये, तुमची एवढी गर्दी आणि मी उगाच, पण बुधवारी घाटात जायचंय, आणि मला झोप लागत नाहीये. एका दमात एवढं बोलली.

गाडी मी ओळखली. साठ्यांची गाडी. मी म्हटलं, "एकच सांग. गाडी सुरू केलीस की तो दिवा आधी मिचकावतो आणि मग स्थिर होतो, की सरळ लागतो?"

हा प्रश्न मी शेकडो लोकांना विचारला असेन. उत्तर बहुधा येतं, लक्षात नाही हो. खरं तर सगळं त्यातच आहे. सेन्सरच बोलत नसेल, तर दिवा आधी मिनिटभर मिचकावतो आणि मग जळत राहतो. सेन्सर नीट बोलत असेल आणि हवाच कमी असेल, तर तो न मिचकावता सरळ लागतो. निदान त्या गाडीचं तरी तसं होतं. एक तिसरी शक्यता असते ती नुसत्या थंडीची. थंडीत हवा आकसते, पहाटे दाब उतरतो, दिवा लागतो आणि चाकं तापली की विझतो.

मुग्धाला विचार करावा लागला नाही. "कधीच मिचकावत नाही, काकू. सरळ लागतो. आधी फक्त पहाटे लागायचा आणि थोडं चालवलं की जायचा. मग दुपारपर्यंत राहायला लागला. आता विझतच नाही." आणि इतकं चोख सांगून झाल्यावर पुढे म्हणते कशी, "पण परांजपेकाका म्हणतात की हिवाळ्यात तो लागतोच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परांजप्यांवर नाही, ते भले गृहस्थ. आग झाली ती यासाठी की या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बरोबर पाहिलं होतं आणि ते खरं मानायला ती हजारो मैलांवरच्या माणसाची परवानगी मागत होती.

"मुग्धा," मी म्हटलं, "मिचकावला असता तर सेन्सर गप्प, सरळ लागला म्हणजे हवाच कमी. गाडी खरं बोलतेय. आत घे."

आत घे म्हणायला माझ्या वडिलांचं दुकान होतं की काय! हत्तोरी-सान समोर येऊन उभे राहिले. मी त्यांना जे होतं ते सांगितलं: या चाकांत सेन्सर आहेत, दिवा मिचकावत नाही, आधी पहाटेपुरता लागायचा, आता विझत नाही, आणि ही बुधवारी घाटात जाणार आहे. त्यांनी रांगेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग रांगेत पहिल्या असलेल्या गिऱ्हाइकापुढे जाऊन ते इतके वाकले की मला कानकोंडं झालं. थोडा वेळ द्यावा, अशी त्यांनी विनंती केली. गिऱ्हाईकही वाकलं. आणि करडी गाडी आत आली.

बाहेरून बघाल तर चारही टायर सारखे. हल्लीच्या टायरची बाजू इतकी ताठ असते की हवा गेली तरी तो सहजासहजी बसत नाही. हवा मोजायचा गेज लावला. तीन चाकं ठीकठाक, आणि उजव्या बाजूच्या मागच्या चाकात हवा निम्म्यावर आलेली. चाक काढलं, साबणाचं पाणी मारलं. टायर रिमला जिथे घट्ट चिकटून बसतो त्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग फुटायला लागली. डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठाने रिमची कड खाल्ली होती आणि तिथून हवा रोज थोडी थोडी निघून चालली होती. खिळा नाही, भोक नाही.

मग टायर रिमवरून उतरवला. आतून काळी पूड खाली सांडली. चहाच्या भुकटीसारखी, मूठभर तरी. कमी हवेवर टायर चालला की त्याची बाजू आतल्या आत घासत राहते आणि रबराचं पीठ होतं. हत्तोरी-सान कामात असताना शब्द मोजून वापरतात. त्यांनी ती पूड तळहातावर घेतली, मुग्धासमोर धरली आणि म्हणाले की घाट चढला असता, उतरताना काय झालं असतं ते सांगवत नाही. मी भाषांतर करायची गरज नव्हती. तिला कळलं होतं.

ती बाजूच्या स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. निखिलला फोन केला आणि फक्त म्हणाली, तू ये.

निखिल सायकल दामटत आला. मुलीला शेजाऱ्यांकडे सोडून आला होता. त्याने टायरच्या आत हात घातला, काळी झालेली बोटं बघितली, आणि एवढा उंच मुलगा, त्याची पार पाचावर धारण बसली. बायकोला त्याने आपणच चार दिवस सांगितलं होतं की काही नाहीये. त्याने तिचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "नको जाऊस, मुग्धा. सांगून टाक प्रोफेसरना. घरात पाच वर्षांची पोर आहे आपली." मग माझ्याकडे वळून, "काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

मला त्याचा राग आला नाही. घाबरलेलं माणूस असंच बोलतं. मी म्हटलं, "बाबा रे, चाकांची हमी मला माग. दोन्ही मागचे टायर नवे घालते, रिम घासून घेते, त्या चाकाचा व्हॉल्व्ह मिठाने गेलाय तोही सेन्सरसकट बदलते. दिवा विझल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. पण तिने घाटात जायचं की नाही, ते मला विचारू नकोस."

मुग्धा स्टुलावरून उठली. तिने विचारलं, "काकू, तुम्ही चालवलीय त्या घाटात? बर्फात?"

आता काय सांगणार? खरं ते सांगितलं. दुकानाच्या आवाराबाहेर मी गाडी कधी नेलेलीच नाही. आवारात मागे-पुढे करायची, बस्स. मीही ती लायसन्सची परीक्षा दिली होती, एकदा नापास झाले आणि पुन्हा गेलेच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, मुलगा लहान, मग गुडघे, मग सायकल बरी. इतक्या लोकांच्या गाड्यांना बर्फाची चाकं घातली, पण बर्फातला रस्ता मी पाहिला तो विजयने एकदा बसमधून नेलं तेवढाच, आणि त्यातही मला झोप लागली होती. याची खंत आहे मला. अजून आहे.

हे ऐकून मुग्धा हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. "म्हणजे मी तुमच्यापेक्षा जास्त चालवलीय."

"कितीतरी जास्त."

तिने निखिलकडे पाहिलं. त्याच्याशी ती चढ्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, "तू म्हणालास टेन्शन आहे. ग्रुप म्हणाला लागतोच. मला एकटीला वाटत होतं की काहीतरी चुकतंय, आणि चुकतच होतं. मग मी रस्त्यावरही बरोबर बघत असेन की नाही?" निखिलने काळी बोटं फडक्याला पुसली. "या बुधवारी जाऊन येते. नाही जमलं तर घाटातून परत फिरेन आणि तिथूनच प्रोफेसरना फोन करेन. पण घरी बसून नाही करणार."

बुधवारी आमच्या दुकानाला सुट्टी असते, आणि गुरुवारी माझी पाळी नव्हती. मी म्हटलं, मी बसते हिच्या शेजारी.  मला गाडी येत नाही हे निखिलने आत्ताच ऐकलं होतं. तरी त्याला बरं वाटलं, का कोण जाणे. विजयला घरी सांगितलं तर तो म्हणाला, तिला धीर द्यायला चाललीस की घ्यायला?

चाकं बसवली. नव्या सेन्सरचा नंबर गाडीला ओळखीचा करून दिला. व्हॉल्व्हजवळ एक हातातलं यंत्र धरायचं, बटण दाबायचं, झालं. दिवा विझला. मुग्धाने गाडी तीनदा बंद-सुरू करून बघितली. चौथ्यांदा करायला लागली तेव्हा मीच म्हटलं, पुरे गं.

बुधवारी निघालो. एक्सप्रेसवेवर सगळं छान. डोंगर जवळ आले तसे दोन्ही बाजूंचे उतार पांढरे होत गेले. एक्सप्रेसवे सोडून घाटाला लागलो आणि टायरचा आवाजच बदलला. इतका वेळ घरघरत होते ते एकदम मऊ, कापडावरून चालल्यासारखे झाले. खाली बर्फ होता आणि गाडी त्याला धरून चालली होती. माझे टायर! मी ते हजारो वेळा उचललेत, त्यांच्या नक्षीत नखं घालून खडे काढलेत, पण ते कशासाठी बनवलेत ते पहिल्यांदाच बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मुग्धाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

ती हळू चालवत होती. मागे एक ट्रक आला, तर तिने जागा बघून बाजू दिली आणि पुन्हा आपल्या लयीत निघाली. वळणं तिला पाठ होती. मी मात्र प्रत्येक उतारावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. एक लांब बोगदा लागला आणि पलीकडे बाहेर पडलो तर हवाच वेगळी. काचेवर बर्फाचा मारा, पारा एकदम खाली उतरलेला. आणि डॅशबोर्डवर तो दिवा उमटला.

 तीन दिवसांपूर्वी हमी दिलेली मी! तोंड उघडणार तेवढ्यात मुग्धा म्हणाली, "मिचकावतोय."

तिचा आवाज अगदी साधा होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. थोड्या वेळाने दिवा मिचकावायचा थांबला आणि स्थिर झाला. "म्हणजे एखादा सेन्सर गप्प झालाय," ती म्हणाली. "हवा असणार. तरी बघून घेऊ."

घाटात गाड्यांना साखळ्या चढवण्यासाठी रस्त्याच्या कडेला रुंद जागा केलेल्या असतात. तिथूनच गाड्या मागेही वळवतात. तिने इशारा देऊन गाडी आत घेतली, थांबवली. मी पट्टा सोडून दाराला हात घातला.

"काकू, तुम्ही बसा," ती म्हणाली आणि गेज घेऊन उतरली.

मी बसले. दुसरं कुणी दाब मोजतंय आणि मी आत बसून बघतेय, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. काचेतून मला ती दिसत होती. प्रत्येक चाकाशी उकिडवी बसायची, हातमोज्याने बर्फ झटकायची, व्हॉल्व्हचं टोपण खिशात टाकायची, गेज लावायची. घाई नव्हती. एकदा मोजून झालं की पुन्हा एकदा मोजायची. यंत्रांना बघायची सवय ती, कुठे जाणार?

आत आली तेव्हा नाक लाल झालं होतं. "चारही ठीक आहेत. बॅटरी गेली असेल ना एखाद्या जुन्या सेन्सरची? थंडीने?"

"तेच असणार," मी म्हटलं. "थंडीत जुनी बॅटरी मान टाकते. परत गेलो की बदलू."

तिने बोटांवर फुंकर मारली. समोर रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. खाली गेलं की बोगदा आणि नागोया, वर गेलं की तिचं जंगल. डॅशबोर्डवर दिवा पिवळा जळत होता. मी विचारलं, मागे फिरायचंय का?

मुग्धाने आरशात पाहिलं, मान पूर्ण वळवून पाहिलं, एक बर्फ काढणारी गाडी पुढे जाऊ दिली. मग माझ्या प्रश्नाला उत्तर न देता उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी वर घाटात घातली.